स्पेक्ट्रोग्राम वाचायला शिका: घसा काय करतो, तोंड काय करतं

एका पट्टीत ‘आ’ धरा आणि सूर जराही न हलवता ‘ई’वर या. घशात काहीच बदललं नाही, स्वरतंतू आधीच्याच वेगाने थरथरत राहिले. हलले ते जीभ आणि जबडा. आता उलट करा. ‘ई’ धरा, तोंडाची ठेवण तशीच ठेवा आणि सा पासून पंचमापर्यंत चढा. अक्षर तेच राहिलं, सूर बदलला.

बोलण्याचं ध्वनिशास्त्र या दोन प्रयोगांवर उभं आहे. आवाज एका जागी तयार होतो आणि त्याला घाट दुसऱ्या जागी मिळतो. चिबा आणि काजियामा या जपानी संशोधकांनी १९४१ साली आणि स्वीडनच्या गुनार फांट यांनी १९६० साली ही मांडणी गणितासह पक्की केली. आपल्याला इथे गणित करायचं नाही, आपलाच आवाज रेकॉर्ड करून त्याचं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, वाचायचं आहे. पण स्क्रीनवर काहीही दिसलं तरी एक प्रश्न सोडायचा नाही: हे घशाचं काम की तोंडाचं? स्पेक्ट्रोग्राम बघून गोंधळणारे बहुतेक जण हा प्रश्न न विचारताच आकडे मोजायला लागतात.

आधी कानाने ऐका

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी दोन मिनिटं द्या. गळ्यावर बोट ठेवून ‘म्म्म’ म्हणा, मग ‘स्स्स’ म्हणा. ‘म’ला बोटाखाली थरथर लागते, ‘स’ला लागत नाही. हा घोष आणि अघोषातला फरक झाला.

आता कुजबुजत, सावकाश, ‘ई, ए, आ, ओ, ऊ’ म्हणा. स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे खरा सूर नाहीच. तरीही एक सूर खाली उतरत गेल्यासारखा ऐकू येईल. तो तोंडातल्या हवेचा अनुनाद आहे. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी ही एका टोकाला बंद असलेली नळी धरली आणि तिची लांबी १७.५ सेंटिमीटर मानली, तर तिचे अनुनाद सुमारे ५००, १५०० आणि २५०० हर्ट्‌झवर येतात. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. जीभ मधोमध सैल ठेवून काढलेल्या स्वराचे आकडे याच्या आसपास असतात. जीभ, जबडा, ओठ हलले की नळीचा आकार बदलतो आणि हे आकडे सरकतात. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. कुजबुजताना तुम्ही मुख्यतः दुसरा फॉर्मंट ऐकत होतात.

स्वरतंतूंचा वेग मात्र वेगळी गोष्ट आहे. प्रौढ पुरुषांत तो साधारण सेकंदाला १०० ते १३० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास आणि लहान मुलांत त्याहून जास्त असतो. या मूळ वारंवारितेच्या दुपटीवर, तिपटीवर, चौपटीवर अशा बारीक स्वरांची शिडी तयार होते. त्या पायऱ्यांना हार्मोनिक म्हणतात. शिडी घशातून येते. तिच्यातल्या कोणत्या पायऱ्या ठळक व्हायच्या ते तोंड ठरवतं.

रेकॉर्डिंग

यासाठी प्राट हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी ते तयार केलं आणि जगभरातले स्वनविज्ञानाचे अभ्यासक तेच वापरतात. दिसायला जुनाट आहे, त्याने बिचकू नका.

‘न्यू’ मेनूत ‘रेकॉर्ड मोनो साउंड’ निवडा. सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घ्यायच्या तो आकडा, ४४,१०० हर्ट्‌झ ठेवा. नोंदवता येणारी सर्वांत वरची वारंवारिता या आकड्याच्या निम्मी असते, म्हणजे २२,०५० हर्ट्‌झ, आणि बोलण्यासाठी ती भरपूर झाली. माइक तोंडापासून साधारण एका वितीवर आणि थोडा बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’च्या फुंकरीचे धक्के चित्रात उमटतात. पंखा बंद करा. पडदे, गादी, कपडे असलेली खोली मोकळ्या खोलीपेक्षा बरी, कारण भिंतींवरून परतणारा आवाज व्यंजनांमधल्या शांततेत शिरतो आणि ती शांतता आपल्याला पुढे फार लागणार आहे.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आवाज स्वच्छ करणारी सोय आधी बंद करा. ती सोय खरखर शोधून पुसते आणि ‘स’, ‘श’, ‘ख’ ही अक्षरं तर खरखरीनेच बनलेली आहेत. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. एमपी३ मध्ये कानाला नको असलेला भाग गाळलेला असतो आणि आपण कानासाठी फाइल करत नाही आहोत.

हे म्हणा, प्रत्येकानंतर क्षणभर थांबून: लांब ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’, मग ‘अका, अखा, अगा, अघा’, ‘अपा, अता, अटा’, ‘चार, चारा’, ‘सास, शाश’, शेवटी ‘सकाळ’. लेव्हलची पट्टी लाल झाली तर तो तुकडा पुन्हा म्हणा. माथे कापले गेलेल्या लहरींचं चित्र खोटे हार्मोनिक दाखवतं आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

लहर

‘सेव्ह टु लिस्ट’ करून ‘व्ह्यू अँड एडिट’ उघडा. वर लहर दिसेल, खाली राखाडी स्पेक्ट्रोग्राम. आधी लहरच बघा. ‘आ’च्या मध्यावर इतकं झूम करा की एकच आकृती पुन:पुन्हा येताना दिसेल. अशा १० आकृत्या निवडा आणि निवडीचा कालावधी वाचा. तो ८० मिलिसेकंद असेल तर एक आकृती ८ मिलिसेकंदांची, म्हणजे सूर १२५ हर्ट्‌झचा. ही आकडेमोड एकदा हाताने कराच. पुढे सॉफ्टवेअर सुराची निळी रेघ काढून देईल आणि कधीकधी ती दुप्पट किंवा निम्मी चुकेल. तेव्हा हीच मोजणी खरं-खोटं ठरवेल.

‘स’वर गेलात तर पुन्हा येणारी आकृतीच सापडणार नाही. ‘अका’मध्ये दोन स्वरांच्या मधे जवळजवळ सपाट रेघ दिसेल. ‘क’चा बराचसा भाग शांततेचाच असतो.

चित्राची खिडकी

स्पेक्ट्रोग्राममध्ये डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर वारंवारिता वाढते आणि काळेपणा जोर दाखवतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात पहिली स्पेक्ट्रोग्राफ यंत्रं बनली. तेव्हा दोन-अडीच सेकंदांच्या बोलण्याचं एक चित्र फिरत्या पिंपावरच्या कागदावर उमटायला काही मिनिटं लागत. आता ते क्लिकसरशी मिळतं. त्यामुळे ते चित्र काही निवडी करून काढलेलं असतं, हेच विसरायला होतं.

सगळ्यात महत्त्वाची निवड म्हणजे विंडो लेंग्थ. सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकातल्या वारंवारिता शोधतं. तुकडा लहान असला तर ‘कधी’ घडलं ते नेमकं कळतं, पण ‘कुठल्या वारंवारितेवर’ ते पसरट होतं. तुकडा मोठा घेतला तर याच्या उलट. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, ही निसर्गाचीच मर्यादा आहे.

‘स्पेक्ट्रोग्राम सेटिंग्ज’मध्ये विंडो लेंग्थ आधीच ०.००५ सेकंद असते. त्यात बारकावा सुमारे २६० हर्ट्‌झचा मिळतो. हार्मोनिक एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांच्या जागी फॉर्मंटचे जाड आडवे पट्टे दिसतात. पुरुषाच्या आवाजात त्यावर बारीक उभ्या रेघाही दिसतील, एकेक रेघ म्हणजे स्वरतंतूंची एकेक मिटण्याची क्रिया. आता तोच आकडा ०.०३ करा. बारकावा ४३ हर्ट्‌झवर येतो, उभ्या रेघा जातात आणि हार्मोनिकची शिडी दिसायला लागते. पहिल्या चित्रात तोंड दिसतं, दुसऱ्यात घसा. सुरुवातीचे प्रयोग या दुसऱ्या चित्रात बघा: ‘आ’वरून ‘ई’वर जाताना पायऱ्या जागच्या जागी राहतात, फक्त काळेपणा एका पायरीवरून दुसरीवर सरकतो. सूर चढवला की अख्खी शिडी ताणली जाते, पण काळेपणाचे पट्टे जागेवर राहतात. बोलण्याच्या अभ्यासात यापेक्षा सुंदर चित्र मी पाहिलेलं नाही.

स्त्रिया आणि मुलांच्या आवाजात एक अडचण येते. सूर २५०-३०० हर्ट्‌झवर गेला की पायऱ्यांमधलं अंतर २६० हर्ट्‌झच्या बारकाव्याइतकं होतं आणि पहिल्या चित्रातही हार्मोनिक डोकावतात. नवखा माणूस त्यांनाच फॉर्मंट समजतो. अशा वेळी विंडो ०.००३ करा आणि पट्टा सुराबरोबर वर-खाली होतो का ते बघा. होत असेल तर तो हार्मोनिक आहे.

स्वर

‘फॉर्मंट्स’ मेनूतून फॉर्मंट दाखवा, लाल ठिपके येतील. तीन नियम ध्यानात ठेवले की स्वरांचं बहुतेक काम भागतं. तोंड जितकं उघडं तितका पहिला फॉर्मंट वर. जीभ जितकी पुढे तितका दुसरा फॉर्मंट वर. ओठांचा चंबू केला की फॉर्मंट खाली येतात.

ताडून बघायला एक जुनं माप उपयोगी पडतं. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली ७६ अमेरिकन इंग्रजी भाषकांचे स्वर मोजून प्रसिद्ध केले. पुरुषांची सरासरी अशी: ‘ई’सारख्या स्वराचे पहिले दोन फॉर्मंट २७० आणि २२९०, ‘आ’च्या जवळच्या स्वराचे ७३० आणि १०९०, ‘ऊ’सारख्याचे ३०० आणि ८७०. स्त्रियांचे आकडे वर आहेत, ‘ई’चा दुसरा फॉर्मंट २७९०, कारण स्वनमार्ग, म्हणजे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी, आखूड असतो. मराठी स्वर हुबेहूब या आकड्यांवर पडणार नाहीत आणि पडू नयेत. पण ‘ई’त दोन पट्टे लांब, ‘आ’त जवळ, ‘ऊ’त दोन्ही तळाशी, ही ठेवण तुमच्या चित्रात असायलाच हवी.

नसेल तर सेटिंग तपासा. सॉफ्टवेअर ठरावीक मर्यादेखाली पाच फॉर्मंट शोधतं. ही मर्यादा पुरुषासाठी ५००० हर्ट्‌झ, स्त्रीसाठी ५५००, लहान मुलासाठी ८००० पर्यंत ठेवतात. ‘ऊ’मध्ये हमखास गडबड होते. पहिले दोन फॉर्मंट इतके जवळ असतात की सॉफ्टवेअर त्यांना एकच समजतं आणि तिसऱ्याला दुसरा म्हणून दाखवतं. ‘ऊ’चा दुसरा फॉर्मंट २३०० आला, असं कुणी सांगितलं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लाल ठिपके नेहमी खालच्या काळ्या पट्ट्यांशी ताडून बघा. पट्टा नाही तिथला ठिपका हा अंदाज आहे.

प्रत्येक स्वराच्या मध्यावर, जिथे पट्टे स्थिर आहेत तिथे, आकडे घ्या आणि आलेख काढा. आडव्या अक्षावर दुसरा फॉर्मंट उजवीकडून डावीकडे वाढता ठेवा, उभ्या अक्षावर पहिला वरून खाली वाढता. ‘ई’ वर डावीकडे, ‘ऊ’ वर उजवीकडे, ‘आ’ खाली पडेल. हा तुमच्या जिभेच्या हालचालींचा ढोबळ नकाशाच आहे. त्यात ‘अ’ टाकून बघा. ‘अ’ म्हणजे आखूड ‘आ’ असं आपण लहानपणापासून घोकतो, पण तो ‘आ’च्या जागी पडणार नाही. त्याचा पहिला फॉर्मंट बराच कमी असतो, कारण जबडा तेवढा उघडतच नाही.

क, ख, ग, घ

मराठी माणसाने स्पेक्ट्रोग्रामचा खरा उपयोग इथे करावा. आपल्या वर्णमालेची ही ओळ ध्वनिशास्त्राने शोधायच्या कितीतरी आधी उच्चाराच्या मोजमापावर रचलेली आहे.

‘अका’ घ्या. शांतता, मग एक बारीक उभी रेघ. जिभेने अडवलेली हवा सुटल्याचा तो स्फोट. नंतर थोडाच वेळ जाऊन ‘आ’च्या उभ्या रेघा सुरू होतात. स्फोटापासून पहिल्या रेघेपर्यंतचं अंतर निवडा, ते साधारण २०-३० मिलिसेकंद भरेल. ‘अखा’मध्ये याच जागी फिकट खरखरीचा लांब पट्टा असतो आणि अंतर ६० च्या पुढे जातं. ती खरखर म्हणजेच महाप्राण. ‘अगा’मध्ये शांतता पूर्ण नसते: तळाला, २००-३०० हर्ट्‌झखाली, एक पट्टी चालू राहते. तोंड बंद असतानाही स्वरतंतू थरथरत आहेत.

लिस्कर आणि अ‍ॅब्रॅमसन यांनी १९६४ साली हे अंतर ११ भाषांमध्ये मोजलं आणि त्यांत मराठीही होती. एवढ्या एका मापाने अघोष, महाप्राण आणि घोष व्यंजनं बहुतेक भाषांत वेगळी करता येतात, असं त्यांना दिसलं. अडलं ते घोष महाप्राणांवर. ‘ग’ आणि ‘घ’ दोन्हींत स्वरतंतू स्फोटाच्या आधीच सुरू असतात, म्हणून हे माप दोघांना वेगळं करू शकत नाही.

मग ‘घ’ ओळखायचा कसा? स्फोटानंतरची जागा झूम करा. तिथे उभ्या रेघा आणि खरखर एकाच वेळी दिसतील. स्वरतंतू थरथरत आहेत, पण पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते आहे. वरचे फॉर्मंट धुरकट, तळाचा हार्मोनिक मात्र जोरात. सुराची रेघ लावली तर ‘घ’नंतर ती बहुतेकदा ‘ग’नंतरच्यापेक्षा खालून सुरू होताना दिसेल. ‘अखा’त खरखर संपते आणि मग स्वर येतो, ‘अघा’त दोघं एकमेकांवर पडलेले असतात. ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवा. एकदा हा फरक दिसला की ‘भ’, ‘ध’, ‘ढ’ आपोआप ओळखू येतील.

‘फ’ची वाट निराळी. पुष्कळ जण आता तो ओठ मिटून न काढता वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढतात. तुमच्या ‘फ’मध्ये शांतता आणि स्फोट दिसले नाहीत, सलग फिकट खरखरच दिसली, तर तुम्हीही त्यांतले.

जागा ओळखणं

वरच्या ओळीत काम घशाचं होतं. ‘प, त, ट, क’ यांतला फरक तोंडाचा आहे आणि तो व्यंजनात कमी, शेजारच्या स्वराच्या कडेला जास्त दिसतो. जीभ किंवा ओठ बंद होण्याच्या वाटेवर असतानाच फॉर्मंट वळायला लागतात. ‘अपा’त व्यंजनाकडे जाताना दुसरा फॉर्मंट खाली झुकतो. ‘अका’त दुसरा वर येतो, तिसरा खाली येतो आणि दोघं चिमटीसारखे जवळ येतात.

‘अता’ आणि ‘अटा’ सावकाश बघण्यासारखे आहेत. मूर्धन्य ‘ट’साठी जिभेचं टोक वर-मागे वळतं आणि आधीच्या ‘अ’च्या शेवटी तिसरा फॉर्मंट स्पष्ट खाली येतो. ‘ता’ आणि ‘टा’ एवढंच रेकॉर्ड केलं असतं तर ही खूण फिकी पडली असती, कारण बंद अवस्थेतच जीभ पुढे सरकते आणि सुटते तोवर दंत्याच्या जवळ आलेली असते. म्हणून मूर्धन्यांसाठी आधी स्वर हवाच.

घर्षक, म्हणजे ‘स’, ‘श’सारखी खरखरीची व्यंजनं सोपी आहेत, फक्त चित्राची उंची ५००० वरून १०,००० हर्ट्‌झ करा, नाहीतर ‘स’ जवळजवळ गायब दिसतो. ‘स’चा काळेपणा ४००० च्या वर, ‘श’चा साधारण २००० च्या पुढे सुरू होतो. हीच फूटपट्टी ‘चार’ आणि ‘चारा’ला लावा. लिहिताना दोन्हींत एकच ‘च’, पण ‘चार’मधल्या ‘च’ची खरखर ‘श’च्या उंचीवर, ‘चारा’मधल्याची ‘स’च्या उंचीवर.

अनुनासिकांत २५०-३०० हर्ट्‌झच्या आसपास एक ठळक पट्टी आणि वर फिकटपणा एवढं पुरे. ‘र’ म्हणजे २०-३० मिलिसेकंदांची छोटी फट.

एक शब्द पूर्ण

आता ‘सकाळ’ उघडा आणि फाइलचं नाव झाकून, शब्द माहीत नाही असं धरून वाचा. सुरुवातीला उंचावर दाट खरखर, तळाशी पट्टी नाही: अघोष, ‘स’. मग मध्यम उंचीच्या पहिल्या फॉर्मंटचा आखूड स्वर: ‘अ’. त्याच्या शेवटी दुसरा-तिसरा फॉर्मंट जवळ येतात, पुढे शांतता, स्फोट आणि थोड्याच वेळात घोष: ‘क’. मग पहिला फॉर्मंट वर, लांब: ‘आ’. या ‘आ’च्या उत्तरार्धात तिसरा फॉर्मंट खाली उतरायला लागतो, म्हणजे जीभ मागे वळते आहे. पुढे घोष चालूच, पण चित्र फिकं, स्फोट नाही: ‘ळ’. त्यानंतर स्वराचा पट्टा नाही. लिहिलेला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही.

यानंतर कुणाकडून तरी पाच-सहा शब्द रेकॉर्ड करून घ्या, फाइलींना फक्त क्रमांक द्यायला सांगा आणि आवाज बंद ठेवून ओळखा. पूर्ण शब्द ओळखता आला नाही तरी प्रत्येक तुकड्याला घोष की अघोष, स्पर्श (‘क’, ‘प’सारखं हवा अडवून सोडणारं) की घर्षक, ओठ की जीभ एवढं लिहा आणि मग ऐका. चित्र साठवताना त्याखाली विंडो लेंग्थ, चित्राची उंची आणि फॉर्मंटची मर्यादा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात काढलेलं चित्र त्याच्याशी ताडता येईल.